सहस्रार्जुन : सौंदत्तीच्या कथेतला हजार हातांचा खलनायक

कार्तवीर्य अर्जुन हा हैहय कुळातला माहिष्मतीचा राजा. कृतवीर्याचा मुलगा म्हणून तो कार्तवीर्य आणि हजार हात असलेला म्हणून सहस्रार्जुन किंवा सहस्रबाहू. महाभारतातल्या पांडव अर्जुनाशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. तो त्याच्या कितीतरी पिढ्या आधीचा. बेळगाव, निपाणी, चिकोडी, गडहिंग्लज, कोल्हापूर या पट्ट्यात हा राजा माहीत आहे तो एका कृत्यामुळे. सौंदत्तीच्या डोंगरावरच्या यल्लम्माचे, म्हणजेच रेणुकेचे, कुंकू त्याच्यामुळे पुसले गेले.

चित्रकथांमधल्या महाखलनायकाला काही गोष्टी लागतातच. माणसाच्या आवाक्याबाहेरची शक्ती, ती कुठून आली याची पूर्वकथा, नायकाशी घरापर्यंत पोहोचलेले वैर आणि शेवटी त्याला बुडवणारा एखादा कच्चा दुवा. अमेरिकन कॉमिक्सने हा साचा विसाव्या शतकात पक्का केला. सहस्रार्जुनाच्या कथेत या चारही गोष्टी फार आधीपासून आहेत आणि त्यांतली पूर्वकथा तर बहुतेक कॉमिक्सपेक्षा सरस आहे.

पुराणांतल्या वंशावळीप्रमाणे हैहय हे यदूचे वंशज. माहिष्मती नगरी सहस्रार्जुनाने कर्कोटक नागाच्या वंशजांकडून जिंकून घेतली, असे हरिवंश सांगतो. ही नगरी म्हणजे नर्मदेकाठचे आजचे महेश्वर, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. अहिल्याबाई होळकरांची राजधानी म्हणून मराठी वाचकाला हे गाव ओळखीचे आहे. तिथल्या राजराजेश्वर मंदिराशी सहस्रार्जुनाचे नाव जोडलेले आहे आणि मंदिरात अखंड नंदादीप तेवतात.

राजा झाला तेव्हा त्याच्याकडे वेगळे असे काही नव्हते. शक्ती मिळाली ती दत्तात्रेयाच्या सेवेतून. दीर्घ तपश्चर्येनंतर दत्त प्रसन्न झाले आणि राजाने चार वर मागितले. पहिला हजार हातांचा. महाभारताच्या अनुशासनपर्वात त्याला एक बारीक अट जोडलेली आहे, आणि ती राजानेच घातलेली आहे. हे हात रणांगणावर सैन्याच्या मध्यभागी दिसावेत, घरी मात्र आपण इतर माणसांसारखेच दोन हातांचे असावे. पुढे सगळी पृथ्वी पराक्रमाने जिंकून धर्माने सांभाळता यावी, हे मागणे आले. मरण यायचे तर ते लढाईत, आपल्याहून श्रेष्ठ माणसाच्या हातून यावे, असेही त्याने मागून घेतले. हरिवंशात हे मागणे स्पष्ट शब्दांत आहे.

उरलेला वर या सगळ्यांहून वेगळा आहे. आपण वाट चुकलो, अधर्माकडे वळलो, तर सज्जनांनी आपल्याला आवरावे, असे त्याने मागितले. सत्ता हातात येण्याआधीच त्या सत्तेला लगाम मागणारा राजा पुराणांत विरळा, आणि खलनायक तर दुसरा सापडणे कठीण. सहस्रार्जुनाची सगळी शोकांतिका या एका वरात साठलेली आहे. ती पुढे उलगडते तेव्हा हा वर लक्षात ठेवावा लागतो.

वरांखेरीज त्याला सोन्याचे विमान मिळाले आणि कुठेही अडणार नाही असा रथही, असे वनपर्वात आहे. भागवतात त्याच्या शक्तींची यादी आणखी लांबते. न थकणारी इंद्रिये, अणिमादी सिद्धी, वाऱ्यासारखा सर्वत्र संचार. हजार हातांचा युद्धातला उपयोगही भागवताने नेमका सांगितला आहे. एका धनुष्याला दोन हात लागतात, म्हणून तो एकाच वेळी पाचशे धनुष्ये ताणून पाचशे बाण सोडू शकत असे. अद्भुत कल्पनेला हिशेबाची जोड दिली की ती डोळ्यांपुढे उभी राहते. चित्रकथेच्या लेखकाला हे कौशल्य शिकावे लागते. भागवतकाराला ते साधले होते.

तुलनेसाठी अमेरिकन कॉमिक्समधला डॉक्टर ऑक्टोपस घेता येईल. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी तो १९६३ मध्ये स्पायडरमॅनच्या तिसऱ्या अंकात आणला. ऑटो ऑक्टेव्हियस हा अणुशास्त्रज्ञ. धोकादायक प्रयोग दुरून हाताळण्यासाठी त्याने चार यांत्रिक हात बनवले. किरणोत्साराच्या अपघातात ते त्याच्या शरीराला कायमचे जडले आणि त्याच्या मेंदूलाही इजा झाली. त्याचे हात आणि त्याचे दुष्टपण एकाच क्षणी आले. सहस्रार्जुनाचे हात त्याला वाईट करत नाहीत. हात मिळाल्यानंतर तो कितीतरी काळ उत्तम राजा असतो.

पुराणे त्याच्या राज्याची स्तुती करताना हात आखडता घेत नाहीत. त्याने पंच्याऐंशी हजार वर्षे राज्य केले, असे ती सांगतात. यज्ञ, दान, तप यांत त्याची बरोबरी करणारा राजा झाला नाही. विष्णुपुराणात एक खास गोष्ट नोंदलेली आहे : त्याच्या राज्यात कुणाची वस्तू हरवत नसे. आजही अनेक मराठी घरांत दागिना, किल्ली किंवा पैशांचे पाकीट हरवले की आजी कार्तवीर्याचा श्लोक म्हणायला सांगते. हजार हातांचा हा राजा हरवलेली वस्तू शोधून देतो, अशी श्रद्धा आहे. काही ग्रंथांत तर तो विष्णूच्या सुदर्शनचक्राचा अवतार मानला आहे. म्हणजे रेणुकेच्या कथेत ज्याच्या नावाने बोटे मोडली जातात, त्याच्याच नावाचा जप दुसऱ्या एखाद्या घरात देवापुढे चालतो.

त्याच्या ताकदीचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे रावण. रामायणाच्या उत्तरकांडात ही हकिगत सविस्तर आहे. दिग्विजयाला निघालेला रावण नर्मदेकाठी उतरला आणि वाळूत शिवलिंग मांडून पूजेला बसला. प्रवाहाच्या खालच्या अंगाला सहस्रार्जुन राण्यांसह जलक्रीडा करत होता. आपल्या हातांत किती बळ आहे हे पाहावे म्हणून त्याने हजार हात पसरून नदी अडवली. पाणी तुंबले, उलटे चढले आणि रावणाची पूजेची फुले वाहून गेली. नदी उलटी का वाहते याचा शोध घेत राक्षस निघाले ते थेट युद्धापर्यंत पोहोचले. गदायुद्धात रावण हरला. सहस्रार्जुनाने त्याला बांधून माहिष्मतीला नेले. शेवटी रावणाचा आजोबा पुलस्त्य स्वतः आला, त्याने नातवासाठी शब्द टाकला आणि राजाने रावणाला मानाने सोडून दिले. एवढेच नाही, दोघांनी अग्नीच्या साक्षीने मैत्री केली. ज्या रावणाला मारण्यासाठी पुढे विष्णूला अवतार घ्यावा लागला, तो रावण या राजाच्या कैदेत होता.

मग हा राजा खलनायक कसा झाला? त्याचे उत्तर एका पिढीमागे जाते. महाभारताच्या आदिपर्वात और्वाची कथा आहे. कृतवीर्याचे पुरोहित भृगुकुळातले होते आणि त्याने त्यांना यज्ञात अमाप धन दिले. तो गेल्यावर त्याच्या वारसांना पैशांची गरज पडली आणि ते भृगूंकडे मागायला गेले. काहींनी दिले, काहींनी धन जमिनीत पुरून ठेवले. एका क्षत्रियाला जमीन खणताना ते सापडले आणि हैहयांनी भृगूंची कत्तल केली, अगदी गर्भातल्या मुलांचीसुद्धा. रेणुकेचा पती जमदग्नी हा याच भृगुकुळातला. म्हणजे सहस्रार्जुन आश्रमात पाऊल ठेवतो त्याआधीपासून दोन घराण्यांत रक्त सांडलेले आहे आणि त्याच्या मुळाशी पैशांचा वाद आहे.

शांतिपर्वात आणखी एक धागा मिळतो. अग्नीने भूक लागली म्हणून राजाकडे याचना केली आणि राजाने गावे, नगरे, रानेच त्याच्या तोंडी दिली. त्या आगीत आपव नावाच्या ऋषीचा आश्रम जळाला. तुझे हजार हात जामदग्न्य राम, म्हणजे जमदग्नीचा मुलगा परशुराम, तोडील, असा शाप आपवाने दिला. दानाची मिजास म्हणून केलेले हे कृत्य दुसऱ्याच्या घरावर उठले. राजाच्या वागण्यात पहिला तडा गेलेला दिसतो तो इथे.

मुख्य प्रसंग सर्वांना माहीत असलेला आहे. शिकारीहून दमून आलेला राजा सैन्यासह जमदग्नीच्या आश्रमात थांबला. ऋषीने कामधेनूच्या बळावर सगळ्या सैन्याला राजेशाही जेवण दिले. ज्याच्याकडे सगळी पृथ्वी होती त्याला त्या गाईचा हव्यास सुटला. जमदग्नीने नकार दिला तेव्हा राजाच्या माणसांनी गाय आणि वासरू ओढत नेले. महाभारतातली जुनी, आटोपशीर कथा केवळ होमधेनूचे वासरू नेल्याचे सांगते. पुढच्या पुराणांत प्रसंग फुगत गेला. दोन्हींत गुन्हा तोच : पाहुणचार घेतला आणि यजमानाला लुटले. सज्जनांनी आवरावे असे ज्याने स्वतः मागितले होते, त्याने समोर उभ्या असलेल्या सज्जनाचा शब्द धुडकावला. वर खोटा ठरला नाही. आवरणारा समोर होता, ऐकणारा उरला नव्हता.

परशुराम आश्रमात परतला आणि कुऱ्हाड घेऊन माहिष्मतीवर निघाला. भागवतात या लढाईचे वर्णन आहे. राजाने सतरा अक्षौहिणी सेना पाठवली, ती एकट्या परशुरामाने संपवली. मग राजा स्वतः आला आणि पाचशे बाण एकदम सुटले. परशुरामाने एका धनुष्याने ते सगळे तोडले. शस्त्रे संपली तेव्हा राजा झाडे आणि डोंगरकडे उपटून धावला. परशुने आधी हात गेले, मग शीर गेले. आपल्याहून श्रेष्ठाच्या हातून रणात मरण, हाही वर असा पुरा झाला.

यानंतरचा जमदग्नीचा प्रतिसाद सांगण्यासारखा आहे. मुलाच्या पराक्रमावर तो खूश झाला नाही. अभिषेक झालेल्या राजाला मारणे हे पाप आहे, असे सांगून त्याने परशुरामाला तीर्थयात्रेला पाठवले. वर्षभराने परशुराम परतला. त्यानंतर एकदा तो रानात गेलेला असताना सहस्रार्जुनाच्या मुलांनी संधी साधली आणि अग्निशाळेत ध्यानस्थ बसलेल्या जमदग्नीचे शीर कापून नेले. रेणुकेने केलेला आक्रोश ऐकून परशुराम धावत आला आणि एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय करण्याची प्रतिज्ञा त्याने केली.

ग्रंथांत जमदग्नीचा वध राजाच्या मुलांनी केलेला आहे. सौंदत्तीच्या वाटेवर मात्र गोष्ट सरळ सांगितली जाते : सहस्रार्जुनाने जमदग्नीला मारले. लोककथेला खुनी एकच लागतो आणि तो मोठा लागतो.

सौंदत्तीचा डोंगर बेळगाव जिल्ह्यात, मलप्रभेच्या खोऱ्यात. यल्लम्मा म्हणजे रेणुका, आणि तिच्या भक्तांत कन्नड, मराठी असा भेद उरत नाही. एकाच बैलगाडीत, आणि आता एकाच एसटीत, दोन्ही भाषांतली गाणी म्हटली जातात. कोल्हापूर, कागल, निपाणी, संकेश्वर या वाटेने दरवर्षी भक्तांची रीघ लागते. डोक्यावर देवीचा जग, हातात परडी, कपाळाला भंडारा आणि चौंडक्याच्या तालावर ‘उदं गं आई उदं’चा गजर.

मार्गशीर्ष पौर्णिमा इथे रांडाव पुनव म्हणून ओळखली जाते. या दिवशी देवी विधवा होते. तिचे कंकण-मंगळसूत्र उतरवले जाते आणि जोगतिणी हातातल्या हिरव्या बांगड्या फोडतात. पुढे माघी पौर्णिमेला, अहेव पुनवेला, देवी पुन्हा सवाष्ण होते आणि डोंगरावर पुन्हा हिरवा चुडा दिसू लागतो. पुराणात सहस्रार्जुनाच्या वैराचा शेवट एकवीस रणांत होतो. इथे तो दरवर्षी बायकांच्या मनगटावर होतो. खलनायकाच्या कृत्याची इतकी ठसठशीत आठवण ठेवणारी दुसरी यात्रा या भागात नाही. देवीला मुली सोडण्याची चाल याच भक्तीच्या आडोशाने पोसली गेली, हेही सांगितले पाहिजे. कर्नाटकाने १९८२ च्या कायद्याने ती बेकायदा ठरवली. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांनी जोगत्या-जोगतिणींचे जगणे मराठी वाचकापुढे आणले.

मार्गशीर्ष पौर्णिमेचा आणखी एक योग आहे. तीच दत्तजयंती. निपाणीहून एक वाट नृसिंहवाडीला दत्ताच्या पाळण्याला जाते आणि दुसरी सौंदत्तीला. ज्याने सहस्रार्जुनाला हात दिले त्याचा जन्मोत्सव आणि त्या हातांनी घडवलेला अनर्थ एकाच तिथीला येतो. माहूरच्या परंपरेत तर जमदग्नीच्या अंत्यसंस्काराचे आचार्यपद दत्तात्रेयांनीच केले, असे सांगतात.

या पार्श्वभूमीवर सौंदत्तीचा राजकीय इतिहास पाहिला की आश्चर्य वाटते. मध्ययुगात सौंदत्ती ही रट्ट घराण्याची राजधानी होती आणि या घराण्यात कार्तवीर्य नावाचे चार राजे झाले. चौथ्या कार्तवीर्याच्या काळात राजधानी वेणुग्रामला, म्हणजे बेळगावला आली. त्याचा मंत्री बीचिराज याने १२०४ मध्ये बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती उभारली. मंडपाच्या छतातून खाली झुकलेले दगडी कमळ पाहायला आजही लोक तिथे जातात. ज्या परिसरात देवीच्या वैधव्याला हे नाव कारण ठरले, त्याच परिसरातले राजे ते नाव अभिमानाने लावत होते.

रट्ट राजे जैन धर्माचे आश्रयदाते होते आणि जैन परंपरेत ही कथा वेगळ्या अंगाने जाते. गुणभद्राच्या उत्तरपुराणात सहस्रबाहूच्या घराण्यात सुभौम जन्मतो. तो बारा चक्रवर्तींपैकी आठवा, आणि त्याच्या हातून परशुराम मारला जातो. चिकोडी-निपाणी भागात जैन वस्ती मोठी आहे. तिथे एकाच गावात परशुराम जिंकणारी आणि परशुराम हरणारी अशा दोन्ही कथा नांदतात.

सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाज तर या राजाला मूळपुरुषच मानतो. हुबळी, गदग-बेटगेरी, बेळगाव, सोलापूर इथे या विणकर समाजाची वस्ती आहे. उत्तर कर्नाटकातली तिखटजाळ सावजी खाणावळ ही त्यांचीच देणगी. कार्तिक शुद्ध सप्तमीला सहस्रार्जुन जयंतीची मिरवणूक निघते आणि रथात अनेक हातांच्या राजाची प्रतिमा असते. कासार समाजातही त्याच्यापासून वंश सांगण्याची परंपरा आहे. बांगड्या फोडायला लावणारी कथा ज्याची, त्याचे वंशज म्हणवणारे बांगड्या भरतात.

हे सगळे एकत्र पाहिले की खलनायक ठरवणारे कोण, हा प्रश्न टाळता येत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक असलेले वि. स. सुखठणकर यांनी १९३६ च्या सुमारास भृगुकुळ आणि महाभारत या विषयावर दीर्घ निबंध लिहिला. महाभारतात भार्गवांच्या कथा इतक्या वेळा, इतक्या उत्साहाने का येतात, हे त्यांनी तपासले. ग्रंथाच्या घडणीत भृगुवंशीय परंपरेचा मोठा हात असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो मान्य केला तर सहस्रार्जुनाची गोष्ट आपल्यापर्यंत त्याच्या वैऱ्यांच्या घरातून आली, असे म्हणावे लागते. तरीही त्या कथनकारांनी त्याची कीर्ती पुसली नाही, त्याचे चार वर जसेच्या तसे ठेवले, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण.

कारकळला जन्मलेल्या अनंत पै यांनी १९६७ मध्ये अमर चित्रकथा सुरू केली आणि पुराणातली पात्रे रंगीत चौकटींत मुलांच्या हाती आली. परशुरामावरही स्वतंत्र पुस्तक निघाले. त्या मांडणीत सहस्रार्जुन हा प्रतिपक्ष असतो, आणि नायकाच्या नावाच्या पुस्तकात ते साहजिक आहे. पण बेळगाव-निपाणीच्या मातीत हा राजा त्याहून मोठा आहे. इथल्या एखाद्या मराठी लेखकाने आणि चित्रकाराने त्याच्यावर स्वतंत्र चित्रकथा करावी. हजार हात काढणे कोणालाही जमेल. पहिल्या पानावर दत्तापुढे दोन हात जोडून, मी चुकलो तर मला आवरा, असे मागणारा तरुण राजा काढावा. त्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.